गड उतरून समुद्राकडे जाताना

मे महिना लागला की कोल्हापूर गारव्यासाठी पन्हाळ्यावर येते. तबक उद्यानाची सावली, सज्जा कोठीचा वारा आणि झुणका-भाकरीचा वास यासाठी शनिवार-रविवारी गडावर गाड्यांची रीघ लागते. ज्यांचे घरच गडावर आहे, त्यांना मात्र याच सुट्टीत ओढ लागते ती समुद्राची. घरात बेत शिजू लागतो. मालवणला फार गर्दी असते, गणपतीपुळे बघून झाले. यंदा देवगड-विजयदुर्गाच्या बाजूला एखादे लहान गाव बघू. ओळखीतून घरगुती राहण्याची सोय होते, गाडी ठरते, सुरमई की पापलेट यावर वाद झडतात. आजोबांच्या मधुमेहाच्या आणि आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या पिशवीत पडतात आणि तयारी झाली असे सगळे धरून चालतात.

एक प्रश्न मात्र बहुतेक घरांत कुणी विचारत नाही: तिथे कुणाला काही झाले, तर पहिला उपचार किती वेळात मिळेल? विचारलाच, तर ‘निघताना अभद्र कशाला बोलायचे’ असे उत्तर येते. पण आडबाजूच्या किनाऱ्यावरची शांतता ही गावाच्या दूरपणामुळेच टिकलेली असते. रिकामी पुळण आणि लांबचा दवाखाना या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. जिथे मदत उशिरा पोहोचते, तिथे घरून करून नेलेली तयारी हा उपचाराचा पहिला भाग ठरतो.

अंतर तासांत मोजा

सिंधुदुर्ग जिल्ह्यात ओरोसला जिल्हा रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कणकवली, सावंतवाडी येथे उपजिल्हा रुग्णालये, तर देवगड, मालवण येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. त्यापलीकडे गंभीर रुग्णाला गोव्यात बांबोळीला किंवा घाट चढून कोल्हापूरला न्यावे लागते. नकाशावर ही अंतरे फार दिसत नाहीत. पण किनाऱ्याचा रस्ता खाडीला वळसा घालत, एकेका टेकाडावरून चढत-उतरत जातो. तीस किलोमीटरला पाऊण तास की सव्वा तास, हे तिथल्या माणसालाच ठाऊक असते.

म्हणून खोली ठरवतानाच यजमानांना चार गोष्टी विचाराव्यात. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोणते आणि रात्री तिथे डॉक्टर असतात का? सर्पदंशाची लस जवळात जवळ कुठे मिळते? रात्री-अपरात्री गाडी काढून देणारे गावात कोण आहे? आणि घरात मोबाइलला रेंज येते का? राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा चालू आहे. पण तो क्रमांक लावायलाही रेंज लागते. या चार प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून तो कागद गाडीत ठेवावा. ज्याच्या फोनमध्ये सगळे साठवलेले असते, नेमका तोच माणूस आजारी पडू शकतो.

प्रवासाचा महिनाही याच हिशेबात धरावा. मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत किनाऱ्यावरची जलक्रीडा आणि पर्यटकांची बोटवाहतूक बंद असते. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून मासेमारीलाही बंदी असते. त्या दिवसांत घाटात दरडीही कोसळतात, म्हणजे परतीचा आणि दवाखान्याचा असे दोन्ही रस्ते बेभरवशाचे होतात. हवा, समुद्र आणि रस्ता या तिन्हींचा मेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उत्तम बसतो. शाळेच्या सुट्टीमुळे मेमध्येच जाणे भाग असेल, तर पुढच्या काही गोष्टी अधिक काटेकोरपणे पाळाव्या लागतात.

घाटात कानाला दडे का बसतात?

पन्हाळा समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांच्या आसपास आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबापेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी कमी असतो. कळे, गगनबावडा करत करूळ किंवा भुईबावडा घाटाने वैभववाडीला उतरताना हा दाब झपाट्याने वाढतो. बाहेरची हवा कानाचा पडदा आत ढकलते. कान आणि घसा यांना जोडणारी बारीक नळी उघडली की दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि ‘टक्’ असा आवाज येऊन कान मोकळा होतो. गिळताना आणि जांभई देताना ही नळी उघडते. म्हणून घाट उतरताना मुलांना लिमलेटची गोळी चघळायला द्यावी, तान्ह्या बाळाला दूध पाजावे. अगदी लहान मुलाला गोळी देऊ नये, ती घशात अडकू शकते. सर्दी झाली असेल तर ही नळी सुजलेली असते आणि कान दुखतो. झोपलेले मूल फारसे गिळत नाही, त्यामुळे ते घाटाच्या पायथ्याशी अचानक रडत उठते.

गाडी लागण्याचे कारणही कानातच आहे. आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मेंदूला सांगते की आपण वळणे घेत आहोत. मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात की सगळे स्थिर आहे. या दोन निरोपांचा मेळ न बसल्याने मळमळ सुरू होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास अधिक होतो. पुढच्या सीटवर बसणे, दूरच्या डोंगराकडे बघणे, मोबाइल बाजूला ठेवणे आणि निघताना पोट तुडुंब न भरणे एवढ्याने निम्मे काम होते. गाडी लागू नये म्हणून घ्यायची गोळी घाट सुरू होण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी लागते. ओकारी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने त्या घेऊ नयेत. दोन वर्षांखालच्या मुलांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नयेत.

वाळत नाही तो घाम

घाट उतरला की पन्हाळ्याच्या माणसाला पहिला धक्का बसतो तो हवेचा. पारा कदाचित कोल्हापूरपेक्षा कमीच असतो, तरी जीव कासावीस होतो. शरीर थंड होते ते घाम आल्याने नव्हे, तो वाळल्याने. एक लिटर घाम वाळताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. किनाऱ्यावरची हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. तिथे घाम वाळण्याऐवजी ओघळतो. पाणी जाते, मीठ जाते, उष्णता मात्र अंगातच राहते.

हवामान खात्याच्या उष्णतेच्या लाटेच्या निकषांतही हा फरक दिसतो. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंशांवर गेल्याशिवाय लाटेचा विचार होत नाही. किनारपट्टीसाठी ही मर्यादा ३७ अंशांची आहे आणि डोंगराळ भागासाठी ३० अंशांची. जिथल्या हवेची सवय शरीराला असते, तिथल्याच मापाने उष्णता मोजावी लागते. ही सवय बदलायला सात ते चौदा दिवस लागतात. घाम लवकर येऊ लागतो, त्यातून मीठ कमी जाते, रक्ताभिसरण जुळवून घेते. तीन दिवसांच्या सहलीत यातले काहीच पुरे होत नाही. शरीर जुळवून घेऊ लागते तोवर परतीची गाडी निघालेली असते.

म्हणून पहिला दिवस जरा ढिलाच ठेवावा. किल्ल्याची तटबंदी सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर पाहावी. तहान लागण्याची वाट न बघता थोडे थोडे पाणी प्यावे. खूप घाम गेला असेल किंवा जुलाब झाले असतील, तर नुसते पाणी पुरत नाही. अशा वेळी जलसंजीवनीची पुडी वापरावी. ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा आणि मिठाचे प्रमाण वाढवू नये. कोकम सरबत आणि नारळपाणी पोटाला छान असते, पण जुलाबात ते जलसंजीवनीची जागा घेऊ शकत नाही.

वयस्कर मंडळींची काळजी घरूनच सुरू करावी. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी लघवी वाढते; दमट उन्हाळ्यात त्यामुळे शरीरातले पाणी व क्षार घटून चक्कर येऊ शकते. गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत, पण निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना ‘आम्ही चार दिवस कोकणात जात आहोत’ एवढे अवश्य सांगावे. वापरात असलेले इन्सुलिन ३० अंशांच्या आत ठेवावे लागते. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ते काही तासांत निकामी होऊ शकते. थेट बर्फात ठेवले तर गोठून वाया जाते. प्रवासात ओल्या कपड्यात गुंडाळलेले लहान मडके किंवा थर्मास बरा.

कुणी बडबडू लागला, तोल जाऊ लागला, अंग तापले, तर तो उष्माघात समजावा. अशा रुग्णाला आधी थंड करायचे आणि मग हलवायचे. सावलीत नेऊन, कपडे सैल करून, अंगावर भरपूर पाणी ओतत वारा घालावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये. दवाखाना तासाभराच्या अंतरावर असेल, तर रुग्णाचे भवितव्य या पहिल्या पंधरा मिनिटांत ठरते.

तिथी पाहून पाण्यात

१५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरी येथे सहलीला आलेले बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील आठ जण समुद्रात बुडाले. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. घाटावरच्या माणसाला विहिरीत किंवा पंचगंगेच्या डोहात पोहता येत असले, तरी समुद्राचे पाणी वाचता येईलच असे नाही. त्या वाचनाची सुरुवात पंचांगापासून करता येते.

कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. भरती दिवसातून दोनदा येते आणि दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते. त्यामुळे ती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. या हिशेबामागचे गणित एवढेच. ठिकाणानुसार यात अर्ध्या-एक तासाचा फरक पडतो. अचूक वेळेसाठी भरती-ओहोटीचे कोष्टक किंवा गावातला मच्छीमार यांनाच विचारावे. तरीही पर्यटकाला या हिशेबाचा मोठा उपयोग आहे. पौर्णिमा आणि अमावास्येला चंद्र-सूर्याची ओढ एकाच रेषेत येऊन उधाणाची भरती येते, आणि तितक्याच जोराची ओहोटीही. त्या दिवशी सव्वाअकराला भरती संपली, की दुपारभर ते पार साडेपाचपर्यंत पाणी बाहेर ओढत राहते. जेवून, वामकुक्षी आटोपून पर्यटक तीन-चारला पाण्यात उतरतात ते नेमके या ओढीत. अष्टमीच्या आसपास येणारी भांगाची भरती त्या मानाने सौम्य असते. राहण्याच्या तारखा ठरवताना कॅलेंडरमध्ये सुट्ट्यांबरोबर तिथीही पाहावी.

खाडीच्या मुखाशी ही ओढ सर्वांत तीव्र असते. भरतीला आत शिरलेले सगळे पाणी तिथून चिंचोळ्या वाटेने बाहेर पडते. देवबागच्या संगमासारख्या जागा डोळ्यांना कितीही सुंदर दिसल्या, तरी त्या पोहण्याच्या जागा नव्हेत.

सरळ पुळणीवर वेगळा धोका असतो तो ‘रिप करंट’चा. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेले पाणी परत जाण्यासाठी वाळूच्या बांधातली एखादी खिंड शोधते आणि तिथून ओढ्यासारखे वेगाने बाहेर धावते. गंमत अशी, की या पट्ट्यात लाटा कमी फुटतात. बाजूला फेस उसळत असताना मध्येच एक शांत, गडद किंवा गढूळ पट्टा दिसतो. ‘इथे लाटा नाहीत, इथे उतरू’ असे वाटते आणि तीच चूक ठरते. या प्रवाहाचा वेग कधी सेकंदाला आठ फुटांपर्यंत जातो. त्याविरुद्ध पट्टीचा पोहणाराही टिकत नाही. तो माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेतो. किनाऱ्याकडे पोहण्याच्या झटापटीत माणूस दमतो आणि मग बुडतो. अशा वेळी तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि जमेल तसे किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाजूला यावे. हा पट्टा बहुधा अरुंद असतो.

वारा पडलेला असतानाही दूरच्या महासागरातल्या वादळामुळे उंच लाटा येऊन थडकतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था अशा लाटांचा इशारा देते. गावात ‘आज पाणी बरे नाही’ असे कुणी म्हटले, तर त्याच्याशी वाद घालू नये. लहान गावाच्या पुळणीवर जीवरक्षक असेलच असे नाही. मुले पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने मोबाइल खिशात ठेवून फक्त त्यांच्याकडे पाहावे. बुडणारे मूल ओरडत नाही; श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही, तर हाक कशी मारणार? मद्य घेतलेल्याने पाण्यात उतरू नये. बोटीत लाइफ जॅकेट शेजारी ठेवून चालत नाही, ते अंगावर बांधलेले हवे.

बुडणाऱ्याला वाचवायला सगळ्यांनी धाव घेतली की एकाचे तीन बळी होतात. आधी दोर, बंद केलेला रिकामा कॅन, असे काहीतरी तरंगणारे फेकावे. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून पाणी काढण्यात वा उलटे टांगण्यात वेळ दवडू नये. त्याला उताणे झोपवून तोंडाने श्वास द्यावा आणि मग छातीच्या मध्यभागी जोराने, वेगाने दाब द्यावा. तीस दाबांमागे दोन श्वास. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावेच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी उफाळू शकतो.

ताटातला बांगडा, वाळूतले पाकट

बांगडा, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा बर्फाविना उन्हात राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात. हे हिस्टामिन तळल्याने किंवा उकळल्याने नष्ट होत नाही. जेवल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होणे, अंगाला खाज, डोकेदुखी, धडधड, जुलाब असा त्रास सुरू होतो. अनेकांना ही माशांची अ‍ॅलर्जी वाटते. एकाच ताटातले चार जण एकदम लाल झाले, तर दोष बहुधा माशाच्या साठवणीचा असतो. त्रास सहसा काही तासांत ओसरतो. ओठ-घसा सुजला किंवा श्वास लागला तर मात्र थेट दवाखाना गाठावा. लिलावात मासे घेऊन दुपारभर डिकीत ठेवणे आणि संध्याकाळी शिजवणे टाळावे. ‘ताजा’ मासाही बर्फात नसेल तर चार तासांत ताजा राहत नाही.

उथळ पाण्यात वाळूखाली पाकट दडून बसते. पाय पडला तर ते शेपटीचा काटा मारते आणि असह्य कळा येतात. पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूत घासत चालले, की ते आधीच निघून जाते. काटा लागल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, अर्धा तास किंवा अधिक वेळ बुडवावी. उष्णतेने वेदना कमी होतात. पाणी आधी चांगल्या पायावर किंवा हातावर ओतून पाहावे. काटा खोल रुतला असेल तर उपटू नये. जेलीफिशचा स्पर्श झाल्यास वाळूने चोळू नये. समुद्राच्याच पाण्याने धुऊन तंतू काढावेत.

अंगणातली रात्र

उकाड्यामुळे रात्री अंगणात किंवा ओसरीवर जमिनीवरच अंथरूण टाकले जाते. कोकणात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप आहेत. फुरसे तर जांभ्याच्या कातळावर, दगडांच्या आड हमखास असते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावली. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणून हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे ठरवले आहे.

मण्यारचा दंश फसवा असतो. ती रात्री झोपलेल्या माणसाला चावते, जागेवर फारशी सूज नाही, दुखणे नाही. पहाटे पोटात दुखते, मग पापण्या जड होऊन मिटू लागतात, शेवटी श्वास अडतो. जमिनीवर झोपलेल्याला पहाटे अकारण पोटदुखी आणि पापण्या जड, एवढ्यावरून दंशाचा संशय घ्यावा. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी डासांबरोबर सापापासूनही वाचवते. रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि पायात चप्पल-बूट हवेच. साप चावल्यास जखम कापणे, चोखणे, दोरी करकचून बांधणे यातले काही करू नये. अंगठी-बांगड्या काढाव्यात, हात-पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवावा, रुग्णाला चालवू नये आणि लस असलेल्या केंद्रात न्यावे. भारतात मिळणारी लस या चार जमिनीवरच्या सापांवर चालते. समुद्री सापांवर चालत नाही. जाळ्यात आलेल्या सापाला हात लावून फोटो काढण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

विंचवाची गोष्ट मात्र आशा देणारी आहे. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात एकेकाळी धडधाकट मुले हृदय निकामी होऊन दगावत. रायगड जिल्ह्यात महाडला काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबासाठी वापरले जाणारे ‘प्राझोसिन’ हे साधे औषध वेळेवर दिल्यास रुग्ण वाचतात हे दाखवून दिले. त्यांचे हे काम १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. स्वस्त गोळी, लहान दवाखाना आणि वेळ साधणारा डॉक्टर यांनी हे मृत्यू खाली आणले. म्हणून चौकशी करताना मोठ्या रुग्णालयाइतकेच महत्त्व जवळच्या आरोग्य केंद्राला द्यावे. घाम फुटून हात-पाय गार पडलेल्या मुलाला त्या केंद्रात न थांबता दोन तास दूर नेणे हीच मोठी चूक ठरू शकते.

परत वर चढताना

शेवटची गोष्ट खास पन्हाळ्याच्या माणसासाठी. मालवण-तारकर्लीत आता स्कुबा डायव्हिंग सर्रास होते. पाण्यात दहा मीटर खाली गेले की शरीरावरचा दाब दुप्पट होतो. टाकीतल्या हवेतला नायट्रोजन या दाबाखाली रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू श्वासावाटे निघून जातो. तो निघून जाण्याआधीच बाहेरचा दाब आणखी कमी झाला, तर सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडल्यासारखे बुडबुडे धरू शकतात. सांधेदुखी, मुंग्या, चक्कर, क्वचित लकवा असा त्रास त्यातून होतो.

म्हणूनच डायव्हिंगनंतर विमानप्रवासाआधी एका डाइव्हला किमान बारा तास आणि अनेक डाइव्हना अठरा तास थांबावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर जाणाऱ्या रस्त्यालाही हाच विचार लागू होतो. कोल्हापूर शहर साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे त्या रेषेच्या जरासे खाली आहे. आंबोली सुमारे सातशे मीटरवर आणि पन्हाळा नऊशे मीटरच्या घरात, म्हणजे रेषेच्या स्पष्टपणे वर. पर्यटकांना प्रशिक्षकाचा हात धरून पाच-सहा मीटरवर काही मिनिटे नेतात, त्यात हा धोका फारच कमी असतो. पण ज्यांनी प्रशिक्षण घेऊन खोल किंवा लागोपाठ डाइव्ह केल्या आहेत, त्यांनी त्याच संध्याकाळी घाट चढून गडावर येऊ नये. डाइव्ह पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवावी आणि शेवटचा दिवस किल्ला बघायला राखावा.

उथळ डाइव्हलाही दोन नियम सुटत नाहीत. पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना छातीतली हवा फुगते आणि एक-दीड मीटरवरूनही फुप्फुसाला इजा होऊ शकते. आणि सर्दी, कानदुखी, दमा, हृदयविकार, फिट येणे यांपैकी काही असेल तर फॉर्मवर खरे लिहायचे. करूळ घाटात ज्याचे कान मोकळे होत नव्हते, त्याने समुद्रात आणखी दाबाखाली जाण्याचा हट्ट धरू नये.

या सगळ्या तयारीला फार तर एक संध्याकाळ लागते. चार फोन, डॉक्टरांकडे एक फेरी, कॅलेंडरवर तिथीवर एक खूण, जलसंजीवनीच्या पुड्या, बॅटरी, मच्छरदाणी आणि यजमानांनी सांगितलेल्या पत्त्यांचा एक कागद. बहुतेकांना तो कागद उघडायची वेळ येत नाही. चार दिवसांनी गाडी पुन्हा गगनबावड्याला येते, काचेतून गार वारा आत शिरतो, कान ‘टक्’ करून मोकळे होतात. सीटखाली वाळू असते, डिकीत आंब्याची पेटी असते, आणि गडावर उतरताना माणसे मोजली की सगळी भरतात.